उंबरठ्यावरचा न्याय

शर्यतीचा निकाल शर्यतीच्या दिवशीं लागतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शेवटच्या दोरीला छाती कोणाची आधीं लागली हें पंच पाहतात, घड्याळें थांबतात, टाळ्या पडतात आणि एक नांव वहींत लिहिलें जातें. परंतु या दृश्य निकालाच्या आधीं एक अदृश्य निकाल लागून गेलेला असतो, आणि पुष्कळदां तोच अधिक निर्णायक ठरतो. आरंभरेषेवर कोणीं उभें राहावयाचें आणि कोणीं घरीं बसावयाचें, हा तो निकाल होय. पहिल्या निकालाला सारा प्रेक्षकसमाज साक्षी असतो. दुसरा मात्र एखाद्या कचेरींत, चार माणसांच्या बैठकींत, किंवा कोणे एके काळीं लिहून ठेवलेल्या नियमाच्या एका ओळींत लागतो. पहिल्यांत मागें पडलेल्याला निदान आपण हरलों हें तरी कळतें. दुसऱ्यांत वगळला गेलेला मनुष्य आपण हरलों कीं नाहीं हें जन्मभर स्वतःस विचारीत राहतो.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या क्रॉस-कंट्री शर्यतीसाठीं राष्ट्रीय स्पर्धेंत प्रवेश कोणास व कसा द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं लहान आहे. ज्यांच्या घरांत धांवणारें कोणी नाहीं, त्यांस तो कदाचित् निरर्थकहि वाटेल. तथापि प्रातिनिधिकत्व आणि गुणवत्ता या दोन तत्त्वांचा जो सनातन झगडा आपण मतदारसंघांच्या वांटणींत, शिष्यवृत्त्यांच्या याद्यांत आणि नोकऱ्यांच्या जाहिरातींत पाहतों, तोच येथें लहान प्रमाणांत, आणि म्हणूनच अधिक स्पष्टपणें, पाहावयास मिळतो. या झगड्याचा आपल्या प्रांतांतील इतिहास शंभर वर्षांहून अधिक आहे, आणि त्याचा आरंभ पुण्यांतच झाला आहे. तो इतिहास थोडक्यांत मांडून त्यावरून आजच्या प्रश्नास कांहीं उजेड मिळतो काय, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम या शर्यतीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील श्रूजबरी, रग्बी इत्यादि शाळांतील मुलें कागदाचे कपटे टाकीत पुढें पळणाऱ्या 'सशां'चा माग काढीत शेतें, कुंपणें व ओढे ओलांडून धांवत. या खेळांतूनच पुढें ही शर्यत निघाली. १८७६ सालीं लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलांत पहिली राष्ट्रीय शर्यत भरली, तेव्हां सगळे ३२ स्पर्धक वाट चुकले आणि शर्यतच रद्द ठरवावी लागली. हा प्रकार हास्यास्पद खरा. परंतु या शर्यतीचें मर्म त्यांत आहे. येथें मोजून आंखलेलें वर्तुळ नसतें. एका ठिकाणीं टेकडी असते, दुसऱ्या ठिकाणीं चिखल असतो, तिसऱ्या ठिकाणीं नुसतें माळरान. म्हणून एका मैदानावरील वेळ दुसऱ्या मैदानावरील वेळेशीं ताडून पाहतां येत नाहीं. नाशिकच्या थंड सकाळीं एकानें घेतलेलीं मिनिटें आणि चंद्रपूरच्या उन्हांत दुसऱ्यानें घेतलेलीं मिनिटें यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या मापांनीं मोजलेल्या धान्याची तुलना होय.

दुसरें वैशिष्ट्य असें कीं ही शर्यत एकट्याची नसून संघाची आहे. प्रत्येक संघांतील ठराविक धांवपटूंचे क्रमांक मिळवितात आणि ज्याची बेरीज सर्वांत लहान तो संघ विजयी होतो. अमेरिकेंतील महाविद्यालयांत सात जण धांवतात व पहिल्या पांचांचे क्रमांक धरले जातात. पहिले पांचहि क्रमांक एकाच संघाचे आले तर बेरीज पंधरा होते. याहून मोठा विजय संभवतच नाहीं. उरलेल्या दोघांचे क्रमांक बेरजेंत धरीत नाहींत, तरी प्रतिपक्षाच्या पांचव्या गड्याच्या पुढें जाऊन ते त्याची बेरीज वाढवूं शकतात. अर्थात् येथें एका तेजस्वी धांवपटूपेक्षां पांच बऱ्या धांवपटूंचें मोल अधिक असतें. १९१२, १९२० आणि १९२४ या तीन ऑलिंपिकांत ही शर्यत होती. १९२४ सालीं पॅरिसच्या भयंकर उन्हाळ्यांत ३८ जण निघाले आणि केवळ १५ जण पोहोंचले. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला आला. पण वाटेंत कोसळलेल्यांची अवस्था पाहून ही शर्यत ऑलिंपिकमधून कायमची काढून टाकण्यांत आली.

आतां आपल्या इतिहासाकडे वळूं. पायीं धांवण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे; मराठी दप्तरांतील जासूदजोड्या हें तिचें सर्वपरिचित उदाहरण. परंतु धांवणारांतून निवड करून त्यांस देशाच्या नांवानें पाठविण्याचा प्रसंग प्रथम आला तो पुण्यास. १९०६ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हे होते. १९१९ सालीं जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत त्यांनीं खेड्यांपाड्यांतून आलेलीं शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धांवतांना पाहिलीं. या मुलांस नियमांची फारशी ओळख नव्हती, शास्त्रीय शिक्षण तर मुळींच नव्हतें. पण त्यांच्या वेळा युरोपांतील वेळांच्या पुष्कळ जवळ जात होत्या. या सामन्यांस आलेले मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढें दोराबजींनीं १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकांत हिंदुस्थानचा संघ पाठविण्याची कल्पना मांडली. पुढें १९२९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रांत दोराबजींनीं हा सारा वृत्तांत दिला आहे.

या निवडीसंबंधींची एक आठवण पुढें सांगितली जात असे. शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्यांत पात्र ठरण्यास किती वेळ लागला तर चालेल, असें जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदास विचारलें असतां, अर्ध्या मिनिटापासून एका मिनिटापर्यंत कितीहि, असें उत्तर मिळालें. येथें मिनिटांचा नव्हे तर सेकंदाच्या दशांशांचा प्रश्न आहे हें समजल्यावर ते गृहस्थ थक्क झाले. आज आपणांस या गोष्टीचें हसूं येईल. पण त्या मंडळींस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या देशांत एक सबंध शर्यत अधिकृत घड्याळानें मोजण्याची प्रथाच नव्हती, तेथें पात्रतेचें माप कोणी कोठून आणावें? माप नसलें म्हणजे निवड डोळ्यांनीं करावी लागते, आणि डोळ्यांस जें दिसतें तेवढेंच निवडलें जातें.

झालेंहि तसेंच. अँटवर्पला निघालेल्या सहा खेळाडूंत बंगालचे पूर्मा बॅनर्जी सोडल्यास जवळजवळ सारी मंडळी मुंबई इलाख्यांतील व त्याच्या आसपासच्या संस्थानांतील होती. बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, साताऱ्याचे सदाशिव दातार आणि कैकाडी हे लांब पल्ल्याचे धांवपटू. नवले व कोल्हापूरचे रणधीर शिंदे हे मल्ल. या मंडळींनीं नांव राखलें. २२ ऑगस्ट १९२० रोजीं झालेल्या मॅरेथॉनचें अंतर ४२.७५ किलोमीटर होतें. ऑलिंपिकच्या इतिहासांत याहून लांब मॅरेथॉन झालेली नाहीं. चौगुले यांनीं ती २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. विजेता हॅनेस कोलेमायनन यास २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंद लागले होते. दातारांस मात्र शर्यत पुरी करतां आली नाहीं. शिंदे कुस्तींत चौथे आले. ज्यांस कालपर्यंत नियमांची ओळख नव्हती, त्यांच्या हातून एवढें घडलें हें लहानसहान कार्य नव्हे.

पण इतिहासाच्या अभ्यासकानें येथें एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हिंदुस्थानांतील उत्तम धांवपटू त्या वर्षीं खरोखरच बेळगांव-साताऱ्याच्या पट्ट्यांत एकवटले होते काय? तसें समजण्यास आधार नाहीं. ते पुण्यास येऊं शकत होते, एवढेंच त्याचें कारण. पंजाबांतील एखादा जाट शेतकरी किंवा मलबारांतील एखादा टपालवाला चौगुल्यांइतकाच चपळ असेलहि; पण त्यास पाहणारें कोणी नव्हतें. जेथें चाचणी भरते, तेथील मुलूख निवडला जातो, हा या प्रकरणाचा पहिला धडा आहे. तो आजहि विसरतां कामा नये.

या उणिवेवर उपाय म्हणून प्रांतिक पद्धति अस्तित्वांत आली. वाय. एम. सी. ए. या संस्थेचे हॅरी क्रो बक आणि नोरेन यांच्या साह्यानें प्रांतोप्रांतीं संघटना उभ्या राहिल्या, ठिकठिकाणीं सामने झाले, आणि फेब्रुवारी १९२४ मध्यें दिल्लीस अखिल हिंदी सामने भरून त्यांतून पॅरिसला जाणारे खेळाडू निवडले गेले. १९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. यायोगें देशाच्या कोणत्याहि कोपऱ्यांतील खेळाडूस वर चढण्यास एक जिना मिळाला. हा लाभ फार मोठा होता. परंतु जिन्याला पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर कोणी तरी राखणदार उभा असतो. पूर्वी एकाच समितीच्या मर्जीचा प्रश्न होता. आतां अनेक समित्यांच्या मर्जीचा प्रश्न झाला.

या राखणदारीचें सर्वांत बोलकें उदाहरण धांवण्यांतील नसून कुस्तींतील आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत सहावे आले होते. असें असतां १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीं त्यांची निवड सहज झाली नाहीं. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेंत त्यांस एका गुणानें पराभूत ठरविण्यांत आलें आणि तो निर्णय पक्षपाताचा आहे असें खाशाबांचें म्हणणें होतें, असें सांगितलें जातें. त्यांनीं भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. पुन्हां कुस्ती लावण्यांत आली आणि खाशाबांनीं प्रतिस्पर्ध्यास चीत केलें. जाण्यायेण्याच्या खर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हीहि गोष्ट महाराष्ट्रांत घरोघरीं सांगितली जाते. २३ जुलै १९५२ रोजीं खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय.

या कथेकडे आपण सामान्यतः एका मल्लाच्या जिद्दीची कथा म्हणून पाहतों. निवडीच्या इतिहासांत तिचें महत्त्व वेगळें आहे. खाशाबांस न्याय मिळाला तो नियमानें नव्हे, तर एका राजपुरुषाच्या औदार्यानें. दाद मागण्याची रीत लिहिलेली नव्हती. दाद ऐकणारा मनुष्य भला होता, इतकेंच. ज्या मल्लास महाराजांपर्यंत पोहोंचण्याची वाट ठाऊक नव्हती, ज्याच्या पाठीशीं खर्डेकरांसारखे प्राचार्य नव्हते, त्याचें काय झालें असेल? अशांचीं नांवें कोणत्याच पुस्तकांत सांपडावयाचीं नाहींत. इतिहास विजेत्यांचा लिहिला जातो असें म्हणतात. क्रीडेचा इतिहास तर केवळ निवडलेल्यांचा लिहिला जातो.

प्रांतिक पद्धतींतील दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे, आणि तो पाहावयाचा तर क्रिकेटकडे गेलें पाहिजे. रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ सालीं सुरू झाले आणि देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या विजेत्यानें पुढें जावें अशी योजना होती. वरवर पाहतां याहून न्याय्य दुसरें कांहीं दिसत नाहीं. पण पश्चिम विभागांत मुंबई होती, आणि मुंबईच्याच विभागांत महाराष्ट्र, बडोदें, गुजरात व सौराष्ट्र हे संघ होते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें करंडक जिंकला, हें खरें. परंतु १९५७-५८ पासून विभागांत साखळी सामने होऊं लागले आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९५८-५९ पासून, मुंबईची जी विजयपरंपरा सुरू झाली ती सलग पंधरा वर्षें, १९७२-७३ पर्यंत, खंडित झाली नाहीं. १९५८-५९ पासून १९६९-७० पर्यंतच्या बारा हंगामांत विभागाचा केवळ विजेताच पुढें जात असल्यामुळें पश्चिमेकडील इतर चारहि संघांस देशाच्या बाद फेरीचें दार सर्वथा बंद होतें. ते दुर्बळ होते म्हणून नव्हे. शेजार बलवान् होता म्हणून.

१९७०-७१ सालीं नियम बदलला आणि प्रत्येक विभागांतून एकाऐवजीं दोन संघ, एकूण दहा, पुढें घेण्याचें ठरलें. त्याच वर्षीं काय झालें तें पाहण्यासारखें आहे. अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र या एकाच विभागांतील दोन संघांत झाला, आणि मुंबईनें तो अवघ्या ४८ धावांनीं जिंकला. म्हणजे दुसरें दार उघडतांच जो संघ आंत आला तो सरळ शेवटच्या दालनापर्यंत गेला. आदल्या बारा हंगामांत हा संघ किती वेळां तेथवर गेला असता, हें आतां कोण सांगणार? पुढें १९९२-९३ पासून प्रत्येक विभागाचे तीन संघ घेऊं लागले, आणि २००२-०३ मध्यें तर विभागच मोडीत निघाले. एका लहानशा नियमांत फरक करण्यास छत्तीस वर्षें लागलीं. पण नियम बदलल्यावर त्याची यथार्थता सिद्ध होण्यास एक हंगाम पुरला.

या दोन इतिहासांचा सारांश असा निघतो. केवळ गुणवत्ता पाहूं गेल्यास निवड करणाराच्या डोळ्यांपुढील मुलूखच गुणवान् ठरतो. केवळ प्रदेश पाहूं गेल्यास बलवान् प्रदेशांतील दुसऱ्या क्रमांकाचा गुणी मनुष्य मारला जातो. दोहोंचा मेळ कसा घालावा, याचा एक प्रयोग अमेरिकेंतील महाविद्यालयांनीं नेमका क्रॉस-कंट्रीच्याच बाबतींत केला आहे. तेथील राष्ट्रीय शर्यत १९३८ सालीं मिशिगनमधील ईस्ट लॅन्सिंग येथें सुरू झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तेथें चालत असलेली पद्धति अशी होती : देशाचे नऊ विभाग, प्रत्येक विभागांतील पहिले दोन संघ आपोआप पात्र, म्हणजे अठरा, आणि उरलेल्या तेरा जागा खुल्या. अशा एकतीस संघांखेरीज ज्यांचा संघ पात्र ठरला नाहीं अशा अडतीस धांवपटूंस एकेकट्यानें प्रवेश मिळे. खुल्या तेरा जागा कोणास द्यावयाच्या हें वेळ पाहून ठरवीत नसत, कारण वेळेची तुलना होत नाहीं हें आपण वर पाहिलेंच आहे. हंगामांत कोणीं कोणास समोरासमोर हरविलें, पात्र ठरलेल्या संघांपैकीं किती जणांस कोणीं मागें टाकलें, यावर ती निवड होई.

ही योजना चतुर आहे यांत शंका नाहीं. तरी तीहि निर्दोष नाहीं. पात्र संघांस हरविण्याचें श्रेय मिळवावयाचें तर त्यांच्याशीं शर्यत लावली पाहिजे, आणि शर्यत लावावयाची तर दूरवर प्रवास केला पाहिजे. ज्या महाविद्यालयाच्या तिजोरींत विमानाचें भाडें आहे तें चार मोठ्या शर्यतींत उतरून पुरावा गोळा करतें. ज्याच्या तिजोरींत नाहीं तें आपल्या विभागाच्या एका शर्यतीवर सारें नशीब टांगून बसतें. दोराबजींच्या काळीं जो पुण्यास येऊं शकला तो निवडला गेला. येथें जो सर्वत्र जाऊं शकला त्यास पुराव्याची सोय झाली. शंभर वर्षांचें अंतर आणि दोन खंडांचा फरक असूनहि दोष एकाच कुळांतला आहे.

आतां आपल्या घरीं काय स्थिति आहे तें पाहूं. विद्यापीठांचें आंतरविद्यापीठीय मंडळ १९२५ सालीं निघालें, आणि आज भारतीय विद्यापीठ संघ या नांवानें तीच संस्था देशांतील विद्यापीठांच्या स्पर्धा भरविते. क्रॉस-कंट्रीचीहि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ शर्यत होते. पण अमेरिकेच्या आणि आपल्या व्यवस्थेंत एक मूलभूत भेद आहे. तेथें संघ महाविद्यालयाचा असतो. येथें राष्ट्रीय शर्यतींत संघ उतरतो तो विद्यापीठाचा. पुणें विद्यापीठाचेंच उदाहरण घेतल्यास पुणें शहर, पुणें जिल्हा, अहमदनगर (आतां अहिल्यानगर) आणि नाशिक असे विभाग. विभागांत आंतरमहाविद्यालयीन शर्यत, मग आंतरविभागीय शर्यत, आणि त्यांतून विद्यापीठाचा संघ. याचा अर्थ असा कीं ज्या महाविद्यालयानें वर्षभर सहा मुलांस एकत्र धांवावयास लावून एक जिवंत संघ उभा केला, तो संघ विद्यापीठाच्या उंबरठ्याशीं विसर्जित होतो. त्यांतील एखाददुसरा मुलगा पुढें जातो आणि अनोळखी चौघांच्या सोबतीनें राष्ट्रीय शर्यतींत उतरतो. जी शर्यत संघाची म्हणून प्रसिद्ध आहे, तिच्यांत संघ असा शेवटच्या पंधरवड्यांतच जन्मास येतो.

शिवाय आपल्या विद्यापीठाच्या कक्षेंतील गुणवत्तेची वांटणी सारखी नाहीं, आणि नसावयाचीच. नाशिकच्या डोंगराळ भागानें कविता राऊत हिच्यासारखी धांवपटू दिली. तिनें २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरचें कांस्यपदक मिळविलें. एकदां एका ठिकाणीं चांगला शिक्षक आणि चांगला सराव यांची घडी बसली कीं तेथें पांच-दहा वर्षें एकामागून एक धांवपटू निपजतात. अशा वेळीं समजा, प्रत्येक विभागास सारख्याच जागा दिल्या, तर नाशिकच्या तिसऱ्या-चौथ्या मुलीची अवस्था बारा हंगाम दाराबाहेर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र संघासारखी होईल. उलट सगळ्या जागा खुल्या केल्या, तर ज्या विभागांत सरावाची सोय नाहीं तेथील मुलें पुढच्या वर्षीं शर्यतीलाच यावयाचीं नाहींत. कारण आपल्यांतला एकहि जण पुढें जात नाहीं हें पाहून उमेद टिकत नाहीं.

बीड जिल्ह्यांतील मांडव्याचे अविनाश साबळे यांचेंहि उदाहरण येथें उद्बोधक आहे. त्यांस धांवपटू म्हणून जगापुढें आणलें तें महाविद्यालयानें नव्हे, तर सैन्यानें. २०१५ सालीं सैन्यांतील क्रॉस-कंट्री शर्यतीपासून त्यांच्या धांवण्याचा खरा प्रारंभ झाला. २०२२ च्या बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत ते रौप्यपदक घेऊन आले, आणि सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदानें हुकलें. मराठी मुलुखाच्या दुष्काळी खेड्यांत असे पाय आहेत. आपल्या महाविद्यालयांचा जिना त्यांच्या घरापर्यंत पोहोंचतो काय, हा खरा प्रश्न आहे.

यावर कांहीं सूचना करणें प्राप्त आहे. पहिली ही कीं निवडीचा नियम हंगामाच्या आरंभींच छापून प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लागावा, आणि हंगाम चालू असतां त्यांत अक्षराचाहि बदल होऊं नये. दुसरी, विभागवार हक्काच्या जागा आणि आंतरविभागीय शर्यतींतील क्रमांकावरून खुल्या जागा, अशी दुहेरी वांटणी असावी. एकीनें मुलूख राखला जाईल, दुसरीनें गुण. तिसरी, निवड एकाच सकाळच्या शर्यतीवर न ठेवतां दोन शर्यतींवर ठेवावी, म्हणजे तापानें अंथरुणास खिळलेल्या मुलाचें वर्ष बुडणार नाहीं. आणि या शर्यती दरवर्षीं वेगळ्या विभागांत व्हाव्या, म्हणजे चाचणीच्या जागेचा लाभ एकाच मुलखास मिळणार नाहीं. चौथी, दाद मागण्याची रीत लिहिलेली असावी. कोणाच्या भलेपणावर ती सोंपवूं नये. आणि पांचवी, ज्या महाविद्यालयाचा संघ विद्यापीठांत पहिला येईल त्यास संघ म्हणूनच राष्ट्रीय पातळीवर धांवण्याची संधि मिळेल अशी एखादी स्वतंत्र शर्यत भारतीय विद्यापीठ संघानें भरवावी. विद्यापीठांच्या शर्यतीस तिनें बाध येणार नाहीं. उलट महाविद्यालयांत संघ घडविणारास ध्येय मिळेल.

या सूचनांवर खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. दोन शर्यती म्हणजे दोन वेळां प्रवास, दोन वेळां मुक्काम, दोन वेळां जेवण. ग्रामीण महाविद्यालयांस हा भार जड आहे. परंतु क्रॉस-कंट्रीइतकी स्वस्त शर्यत दुसरी नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. तिला कृत्रिम धांवपट्टी लागत नाहीं, प्रेक्षागार लागत नाहीं. एक माळ, थोडा चुना आणि चार प्रामाणिक पंच पुरतात. मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यांत वसलेल्या आमच्या सांगवीपासून बालेवाडीची क्रीडानगरी थोड्याच अंतरावर आहे. १९९४ च्या राष्ट्रीय सामन्यांसाठीं ती उभी राहिली आणि २००८ सालीं राष्ट्रकुल युवक सामने तिनें पाहिले. अशा वास्तूंसाठीं समाजानें हात आखडता घेतला नाहीं. मग त्या वास्तूच्या दारापर्यंत कोणास येऊं द्यावयाचें, याच्या विचारासाठीं दोन शर्यतींचा खर्च फार म्हणतां येईल काय?

दुसरा आक्षेप असा कीं इतके नियम केल्यानें निवड करणारांच्या अनुभवास वावच उरणार नाहीं. जाणत्या शिक्षकाची नजर घड्याळास दिसत नाहीं तें पाहूं शकते. हें खरें आहे. चौगुल्यांस धांवतांना पाहून दोराबजींच्या नजरेनें जें हेरलें, तें कोणत्याहि नियमानें हेरलें नसतें, कारण नियमच नव्हता. पण नजरेचा उपयोग धांवपटू शोधून काढण्यास करावा, त्यास वगळण्यास करूं नये. जाणत्यानें पारखून एखाद्यास आंत घ्यावें. पण बाहेर काढावयाचें असेल तर तें शर्यतीनेंच काढावें. पराभव ज्यास मैदानावर भेटतो तो दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून पुन्हां धांवूं लागतो. ज्यास तो कागदावर भेटतो, त्याचे पाय तेथेंच थांबतात. आणि असे थांबलेले पाय किती, याची गणती कोणत्याच निकालपत्रकांत होत नाहीं.